तांडेलमामांचं बंदर

तांडेलमामांचं जहाज मी बुडवलं. ते कॉम्प्युटर गेममधलं होतं, लोखंडाचं नव्हतं, एवढीच काय ती सवलत मला घेता येते. पण ते बुडाल्यावर मामांनी मला एक प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर मी खोटं दिलं. एकच शब्द होता. तो परत घ्यायला मला बरीच वर्षं लागली, आणि मधल्या काळात त्या शब्दाने मामांचं जे नुकसान केलं ते भरून देणं माझ्या हातात राहिलं नव्हतं. आता मामा नाहीत. गोव्यात आमच्या डिचोलीच्या बाजारात कुणी त्यांचं नाव काढलंच, तर लोकांना बार्जवरचा तोंडाळ तांडेल आठवतो. मला ते आठवतात माझ्या सायबर कॅफेच्या कोपऱ्यात, चपला दाराबाहेर काढून, देवळात बसावं तसे ताठ बसलेले, आणि समोर पडद्यावर बर्फ पडत असलेला.

मामांना कसलीच घाई नसे, ही त्यांची पहिली ओळख. बंदुकीच्या गेममध्ये हे मोठं व्यंग समजलं जातं. तिथे पोरं धावत सुटतात, दार लाथेने उघडतात, समोर दिसेल त्याच्यावर गोळ्या झाडतात, मरतात आणि शिव्या देऊन पुन्हा सुरुवात करतात. मामा भिंतीआड खाली बसायचे आणि वाट बघायचे. समोरचा शिपाई इकडून तिकडे जाई, तिकडून इकडे येई, आणि मामा त्याच्याकडे नुसते पाहत राहत. मागे उभी असलेली पोरं कासावीस होत. "मामा, मार रे! फायर!" मामा मान न वळवता म्हणत, "घाय कोणाक आसा?" हे वाक्य ते दिवसातून इतक्या वेळा म्हणत की पोरांनी त्यांना मागून तेच नाव ठेवलं होतं. लाईट गेली, इंटरनेट अडकलं, चहा यायला उशीर झाला, तरी कुणीतरी मामांच्या आवाजात ओरडे, "घाय कोणाक आसा?" आणि सगळे हसत. मामाही हसत.

तांडेल म्हणजे बार्जचा मुख्य माणूस. खाणीतली लोखंडाची माती नदीकाठच्या धक्क्यावर बार्जमध्ये भरायची आणि नदीतून मुरगाव बंदरात मोठ्या जहाजापाशी पोचवायची, हे काम मामांनी मिसरूड फुटल्यापासून केलं होतं. गाव त्यांचं सिंधुदुर्गात, सातार्ड्याच्या पलीकडे. मामी तिथेच घर आणि शेत सांभाळायची आणि मामा डिचोलीत खोली घेऊन राहायचे. त्यांची घाई नसण्याची सवयही नदीनेच लावलेली. "भरती येयसर थांबाचा," ते सांगायचे. "पाणी तुमच्यासाठी वर येणा नाय. ता तेच्या टायमार येता. ज्येका घाय झाली, तो रेवेर चडलो." रेतीवर चढलेल्या बार्ज आणि त्या चढवणारे तांडेल, दोघांचीही नावं त्यांना पाठ होती. नाव घेताना ते आधी बार्जचं घेत.

मग खाणी बंद झाल्या. आमच्या रस्त्यावरची लाल धूळ हळूहळू बसली, आणि ज्या धुळीला आम्ही आयुष्यभर शिव्या दिल्या ती नसल्यावर गाव किती रिकामं दिसतं ते आम्हाला कळलं. माती वाहणारे टिप्पर घरांच्या अंगणात उभे राहिले, त्यांच्यावर वेली चढल्या. बार्ज नदीकाठी दोरांनी बांधून ठेवल्या. मामांना मालकाने काढलं नाही, बांधलेल्या बार्जवर राखणीला ठेवलं. ज्या माणसाने ती चालवली, त्यानेच आता ती चालत नाही ना हे बघत बसायचं. दुपारी दुसरा राखणदार आला की मामा मोकळे होत, आणि मोकळ्या माणसाला डिचोलीत जाण्यासारख्या जागा फार नव्हत्या.

माझा कॅफे बसस्टँडजवळ एका दुकानाच्या माडीवर होता. त्याचेही दिवस भरत आले होते. इंटरनेट लोकांच्या खिशात आलं होतं, माझ्याकडे उरले होते ते गेम खेळणारे कॉलेजचे पोरगे आणि झेरॉक्सवाले. मामा पहिल्यांदा आले ते कसल्याशा कागदाची झेरॉक्स काढायला. कागद मशीनमध्ये असताना ते एका पोराच्या मागे जाऊन उभे राहिले.

"ह्यो मेलो बंदूक घेवन चल्लो खंय?"

"मामा, तो आपणच," मी म्हटलं. "बंदूक दिसता ती आपल्या हातातली."

"मगे माजा तोंड खंय आसा?"

"तोंड दिसणा नाय. तेच्या डोळ्यांनी आपण बघाचा."

मामांनी थोडा विचार केला. "बरा आसा. ह्या वयार आपला तोंड आपणाक दिसला नाय तर बराच." आणि शेजारची खुर्ची ओढून ते बसले. झेरॉक्स संध्याकाळी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा हातात गरम उंड्यांची पिशवी होती. पोदेर, म्हणजे पाववाला, चारच्या सुमारास सायकलचा भोंगा वाजवत यायचा, त्याच्याकडून ते आमच्या सगळ्यांसाठी पाव घ्यायचे. पावाचे कण कीबोर्डमध्ये जात. मी कुरकुर केली तर म्हणत, "तेकाय भूक लागता रे, बाबल्या." कोपऱ्यातलं मशीन मी त्यांच्यासाठी राखून ठेवलं. त्यावर दुसऱ्या कुणाला बसू द्यायचं नाही, असा कॅफेचा नियमच झाला. नियम मी केला होता, हे मुद्दाम सांगून ठेवतो.

मामांचा उजवा हात थरथरायचा. बांबोळीच्या इस्पितळात दाखवून झालं होतं, गोळ्या चालू होत्या. चहाचा कप उचलताना ते डाव्या हाताने उजव्याला धरत. माऊस तर हलकी वस्तू, तो त्यांच्या हाताखाली पकडलेल्या उंदरासारखाच धडपडे. पण ते सांगत आणि मी विश्वास ठेवी, की बार्जवर हात असा वागत नाही. "सुकाणार हात ठेवलो की ह्यो गप रवता. मोकळो सोडलो की नाचता." बार्ज बांधल्यापासून थरथर वाढली होती. नेम धरायला त्यांना इतरांच्या कितीतरी पट वेळ लागे. म्हणूनच ते लपत, थांबत, शिपाई अगदी जवळ येईपर्यंत श्वास रोखून बसत. एखादी लेव्हल पोरं एका दुपारी उडवत, मामांना तिला आठवडे लागत. ती पार झाली की ते हात पाठीमागे घेऊन उठत, बाल्कनीत जाऊन उभे राहत आणि खालच्या बाजाराकडे असे पाहत, की जणू बार्ज मुरगावला लावून आले आहेत.

कॅफेत आवडत्या लेव्हलवरून वाद व्हायचे. बाहेरच्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल, पण आमच्यासाठी त्या फिरून आलेल्या जागा होत्या. पोरांना धावत्या आगगाडीवरची लेव्हल प्रिय होती, डब्यावरून डब्यावर उड्या मारायच्या आणि खाली पूल जळतोय. मला एका पडक्या शहरातली आवडायची, जिथे घराघरांतून वाट काढत एका जखमी सोबत्याला बाहेर आणायचं असतं. मामांनी दोन्ही निकालात काढल्या. आगगाडीबद्दल म्हणाले, "ती थांबणा नाय, मगे माणसान उतरूचा खंय?" पडक्या शहराबद्दल म्हणाले, "दुसऱ्याची घरा मोडलेली बगून तुका बरा वाटता?" लेव्हल चांगली की वाईट हे ठरवायची त्यांची एकच कसोटी होती. नवीन लेव्हल उघडली की ते चारी बाजूंना पाहत आणि विचारत, "ह्या लेवलीत बसाक जागा खंय आसा?"

जागा त्यांना सापडली ती बर्फाच्या बंदरात. गेममधल्या शेवटच्या काही लेव्हलींपैकी ती एक. तुम्ही एका लहान होडीतून पहाटेच्या उजेडात किनाऱ्याला लागता. वखारी, क्रेन, दोरांची वेटोळी, वाऱ्यावर हलणारा दिवा, आणि धक्क्याला लागलेलं एक मोठं काळं मालवाहू जहाज. पहाऱ्यावरचे शिपाई एकेक करून संपवायचे, जहाजावर चढायचं, सुरुंग लावायचा आणि बटण दाबायचं. जहाज उडतं, पुढची लेव्हल सुरू होते. मामांनी पहारे साफ केले. त्यातच जवळजवळ एक पावसाळा गेला. आणि जहाजाच्या शिडीपाशी येऊन ते थांबले.

पुढचा भाग त्यांनी कधी खेळलाच नाही. रोज दुपारी यायचे, बंदर उघडायचे आणि त्यातून चालत फिरायचे. वखारींच्या मधून, क्रेनच्या खालून, धक्क्याच्या टोकापर्यंत. तिथे दोर बांधायचा एक खुंटा होता, त्याच्याजवळ खाली बसण्याचं बटण दाबून ते समुद्राकडे बघत राहत. बर्फ पडत असे, कुठेतरी दूर भोंगा वाजत असे. निघताना जिथे होते तिथेच खेळ जपून ठेवायचे आणि मला हाक मारायचे, "बाबल्या, बघ रे, बरोबर ठेवलंय मां?" त्या जुन्या गेममध्ये खेळ जपून ठेवायला एकच जागा होती. पुढची लेव्हल सुरू झाली की मागची पुसली जायची, आणि मागे परतायचं तर अगदी पहिल्यापासून यायचं.

त्या बंदरात मामांनी एक शिपाई जिवंत ठेवला होता. धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला, पाठ करून शेकोटीवर हात शेकत बसलेला. त्याच्या फार जवळ गेलं तर तो वळे आणि गोळी घाली, म्हणून मामा त्या बाजूला जाताना लांबून वळसा घालत. पोरांनी विचारलं, ह्याला का सोडला? मामा म्हणाले, "तो आपली राखण करता. मीय राखण करतंय. राखणदारान राखणदाराक मारूचा नाय."

"आणि जहाज? तांडेल जहाजाक भियेता!" एकाने टोमणा मारला.

"मेल्यांनो," मामा शांतपणे म्हणाले, "जहाज बांदूक शंभर हात लागतत. बुडवूक एक बटन पुरा. तेच्यात मर्दुमकी कसली?"

मी काऊंटरमागे होतो. मला ते वाक्य आवडलं होतं आणि तरी काही दिवसांनी मी जे केलं ते केलं.

दुपारची वेळ होती. कॅफेत कुणी नव्हतं. सकाळी घरमालकाशी बोलणं झालं होतं, जागा सोडावी लागणार हे मला कळून चुकलं होतं. पंखा फिरत होता. मी कोपऱ्यातल्या मशीनवर जाऊन बसलो. पुढे मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो की मला फक्त शेवट बघायचा होता, मामांना एकदा दाखवायचा होता. ते खरं नाही. मला मामांचा राग आला होता. माझा धंदा संपत होता, गावातलं निम्मं काम संपलं होतं, आमचं सगळंच संपत चाललं होतं आणि हा माणूस रोज येऊन काहीच संपवत नव्हता. बर्फात बसून समुद्र बघत होता. त्याला जे जमत होतं ते मला जमत नव्हतं.

मी आधी शेकोटीजवळच्याला मारलं. त्याची पाठ माझ्याकडे होती. मग शिडी चढलो, सुरुंग लावला, बटण दाबलं. जहाज मधोमध उचललं गेलं आणि दोन तुकडे होऊन पाण्यात गेलं. गेम बनवणाऱ्यांनी दृश्य चांगलं केलं होतं, आणि मला ते पाहून क्षणभर बरं वाटलं हेही लिहून टाकतो. मग पडदा काळा झाला आणि एका जळत्या गावात पुढची लेव्हल उघडली. तेव्हा कुठे मला आठवलं की जपायची जागा एकच आहे.

दुसऱ्या दिवशी मामा आले. चपला काढल्या, उंडे काऊंटरवर ठेवले, बसले. मशीन सुरू होण्याचा आवाज आला आणि नंतर बराच वेळ काही नाही. मी कागद चाळण्याचं नाटक करत होतो. शेवटी त्यांनी हाक मारली तेव्हा जावंच लागलं. पडद्यावर घरं जळत होती.

"बंदर खंय गेला?"

मामा पडद्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी आपला उजवा हात माऊसवरून उचलला आणि समोर धरला. तो थरथरत होता. त्याच्याकडे बघत त्यांनी मला विचारलं, "माझ्या हातान झाला काय रे, बाबल्या? काल उठताना खंयतरी लागला आसतला?"

प्रश्न त्यांचा, उत्तरही त्यांनीच पुढे करून दिलेलं. मला फक्त मान हलवायची होती.

"आसतला, मामा," मी म्हणालो. असेल.

त्यांनी हात मांडीवर ठेवला, वर दुसरा हात ठेवला. "जहाजय गेला," ते म्हणाले. "आणि तो शेकोटीकडलो?" मी म्हटलं, तोही. मग उंडे त्यांनी नेहमीसारखे सगळ्यांना वाटले.

त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. पण मधल्या काळात हात बिघडला होता, किंवा हातावरचा त्यांचा भरवसा गेला होता. पहिल्या काही लेव्हलींतच ते पुन्हा पुन्हा मरू लागले. पूर्वी मेल्यावर हसायचे, आता हाताकडे बघायचे. मला ते पाहवेना. एक दिवस मी म्हटलं, "मामा, एक कोड आसा. तो घातलो की सरळ बंदरात पावतास." मामांनी माझ्याकडे पाहिलं ते मी चोरीचा माल दाखवल्यासारखं. "चोरवाटेन शिरलंय, तर ता बंदर माजा कसा?" त्याच वेळी मला खरं सांगता आलं असतं. मी चहा सांगायला खाली गेलो.

पुढे खाणींचं काम थोडंथोडं सुरू होणार अशी बोलणी झाली. साठवलेली माती आधी हलवायची होती. बार्जमालकाचा मॅनेजर मामांना शोधत कॅफेवर आला. भला माणूस होता. म्हणाला, "तांडेल, नदीत गाळ भरला. नव्या पोरांक वाट खबर ना. तुमी चलात. हाताचें डॉक्टराक विचारूया, दुसरो माणूस कुशीक दिवया." मामा उठून उभे राहिले. मॅनेजरसमोर ते नेहमी उभे राहत.

"नको, सायबा," ते म्हणाले. "एक बटन ह्या हातात सुखरूप रवला नाय. बार्ज खंयची रवतली? वयर माणसा आसतत."

मॅनेजरला बटणाचं काही कळलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मला सगळं कळलं होतं. मी काऊंटरवर हात टेकून उभा राहिलो आणि तोंड उघडलं नाही. मी असंही मनाशी म्हटलं की डॉक्टरने नाहीतरी नको म्हटलं असतं, झालं ते बरंच झालं. कदाचित म्हटलं असतं. पण मग ते डॉक्टरने म्हणायला हवं होतं. सुकाणावर गप राहणारा हात एकदा सुकाणावर ठेवून बघायला हवा होता. मामांनी आयुष्यातला सगळ्यात मोठा नकार माझ्या एका शब्दावर उभा राहून दिला.

त्यानंतर ते फार दिवस डिचोलीत राहिले नाहीत. खोली सोडून गावी निघाले त्या दिवशी मी त्यांना स्कूटरवरून बसस्टँडवर सोडलं. सामान थोडंच, एक पेटी आणि बार्जवरची गुंडाळलेली चटई. बसमध्ये खिडकीजवळ बसून ते म्हणाले, "कोपऱ्यातला मशीन आता पोरांक दी. उगीच अडकान ठेव नको." बस हलली तरी मी तिथेच उभा होतो. बोलायचं ठरवून आलो होतो.

कॅफे बंद झाला. मला तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम मिळालं आणि मी बिऱ्हाड पेडण्याला हलवलं. तिथून मामांचं गाव नदीपलीकडे, स्कूटरने तासाभराचंही नाही. तेवढं अंतर मला कितीतरी वर्षं जमलं नाही. कारणं रोज मिळत. शिफ्ट असे, पाऊस असे, चतुर्थी असे. माणूस चुकीपेक्षा तिच्या कबुलीला जास्त भितो, आणि जितका उशीर होतो तितकी ती कबुली अवघड होत जाते, कारण मग उशिराचीही माफी मागावी लागते.

शेवटी बाजारात त्यांच्या गावचा एक माणूस भेटला. म्हणाला, तांडेल आता अंथरुणाला खिळल्यासारखेच आहेत, हात अजिबात चालत नाही. त्या आठवड्यात मी कपाटातून जुना लॅपटॉप काढला आणि तो गेम शोधून घातला. रविवारच्या दुपारी खेळू लागलो. बायको म्हणाली, "ह्या वयार परत? दोळे फुटतले." मी तिला सगळं सांगितलं. सांगायचा सराव तिच्यापासून केला म्हणा. ती म्हणाली, "मागीर बेगीन खेळ." पण मी घाई करणार नव्हतो. मी मामांसारखा खेळलो. भिंतीआड बसून, शिपाई जवळ येईपर्यंत थांबून. कोड घातला नाही. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की थरथरत्या हाताने ही वाट कापणं काय असेल. बंदरात पोचलो, पहारे साफ केले, शेकोटीजवळच्याला लांबून वळसा घातला आणि धक्क्याच्या टोकाशी, खुंट्याजवळ, खेळ जपून ठेवला.

पेडण्याच्या बाजारातून उंडे घेतले आणि गेलो. मामीने दारातच पिशवी पाहिली. "तेंका दात खंय आसत रे आता? च्यायेत बुडवन दी." मामा ओटीवर खाटेवर उशीला टेकून बसले होते. अंग अगदी उतरलेलं. उजवा हात पोटावर, त्यावर डावा ठेवलेला, कॅफेत त्या दिवशी मांडीवर ठेवला होता तसाच. मला त्यांनी लगेच ओळखलं.

"बाबल्या! कॅफे काय म्हणता?"

"बंद केलो, मामा."

"सगळाच बंद," ते म्हणाले, पण हसले.

मी खाटेवर लॅपटॉप ठेवला आणि उघडला. बर्फ पडायला लागला. दिवा हलत होता, काळं जहाज धक्क्याला उभं होतं. मामा डोळे बारीक करून पाहत राहिले. मामीही पदराला हात पुसत मागे येऊन उभी राहिली. "ह्या काय? खंयचा गाव?" तिने विचारलं. मामा माझ्याकडे वळले. मला म्हणाले, "कोडान इलंस?"

"नाय, मामा. चलत इलंय. पयल्यापासून."

"शेकोटीकडलो?"

"आसा."

त्यांनी मान डोलावली. माऊस मी त्यांच्याकडे सरकवला, तर त्यांनी नको म्हटलं. "तू चलव. मी सांगतंय." आणि मग त्या माणसाचा आवाज बदलला. मी त्यांना बार्जवर कधी पाहिलं नव्हतं, पण तो आवाज बार्जवरचाच असणार. "वायच उजवीकडे. हां. सरळ. आता दम धर, थंय लादी निसरडी आसा." पडद्यावर लादी निसरडी वगैरे काही नव्हती. मी तरी दम धरला. वखारींमधून, क्रेनखालून, शेकोटीला लांबून वळसा घालून आम्ही गेलो. पडद्यावर पाठमोरा राखणदार हात शेकत होता. चहा निवला. मामी कधी आत गेली ते कळलं नाही.

फिरत फिरत आम्ही जहाजाच्या शिडीपाशी आलो.

"थांब," मामा म्हणाले. "हयच थांब."

मी थांबलो. मामा त्या जहाजाकडे पाहत होते. वरचा डावा हात त्यांनी बाजूला केला. उजवा हात चादरीवर थरथरत राहिला आणि त्याच्याकडे बघत त्यांनी तोच प्रश्न विचारला, जो विचारायला त्यांनी एवढी वर्षं माझी वाट पाहिली होती की काय कोण जाणे.

"तेव्हा ता माझ्या हातान गेला, नाय रे बाबल्या?"

"नाय, मामा," मी म्हणालो. त्यांचा हात मी दोन्ही हातांत धरला. "तुमच्या हातान नाय. माझ्या. तुमी नसताना मी बसलंय, मी शिडी चडलंय, मी बटन दाबलंय. राखणदारय मीच मारलंय. मगे तुमी विचारलात तेव्हा मी खोटा बोललंय, आणि मॅनेजर इलो तेव्हाय गप रवलंय. तुमच्या हातान कायच केल्यान नाय, मामा. माका माफ करा."